क्लिनिकल ट्रायलमधल्या औषधाच्या किटचा माग: साइटवर स्थिती कशी नोंदवायची

आयआरटी (ट्रायलमधल्या किटचं वाटप आणि पुरवठा सांभाळणारी संगणक सिस्टीम) उघडलं की प्रत्येक किटच्या, म्हणजे औषधाच्या खोक्याच्या, नंबरापुढे एक शब्द दिसतो: वाटेत, उपलब्ध, क्वारंटाईन, दिले, परत आले. हा शब्द कुणीतरी नोंद केल्यावरच बदलतो. खोका फुटला, फ्रीजमधून बाहेर पडला, सहभागीकडून परत आला, तरी नोंद होईपर्यंत पडद्यावर जुनाच शब्द असतो. सिस्टीम मात्र त्याच शब्दावर भिस्त ठेवते. कुठल्या सहभागीला कुठलं किट द्यायचं आणि डेपोतून (औषधाच्या गोदामातून) नवा माल कधी निघायचा, हे ती त्यावरूनच ठरवते. त्यामुळे खोका हलला की त्याच वेळी नोंद करायची. संध्याकाळी सगळं एकदम भरू असं ठरवलं की चुका नेमक्या तिथे शिरतात.

पुढची माहिती साइटवरचे (ट्रायल चालतं त्या रुग्णालयातले) कोऑर्डिनेटर, फार्मासिस्ट आणि नव्याने काम करणारे मॉनिटर (प्रायोजकाच्या वतीने साइटच्या नोंदी तपासणारे) यांना धरून लिहिली आहे. बटणांची नावं प्रत्येक सिस्टीममध्ये थोडी वेगळी असतात, पण व्यवहार सगळीकडे हाच असतो.

शब्दांचे नेमके अर्थ

डेपोत किट ‘उपलब्ध’ असतं. शिपमेंटची ऑर्डर निघाली की ते त्या साइटसाठी ‘राखीव’ होतं आणि कुरिअरच्या हाती गेलं की ‘वाटेत’. साइटने पोच दिली की ‘साइटवर उपलब्ध’. व्हिजिटच्या दिवशी सिस्टीम ते एका सहभागीला नेमून देते. त्यानंतर ‘दिले’, ‘परत आले’, ‘नाशासाठी पाठवले’, ‘नष्ट’. हा झाला सरळ रस्ता. ‘क्वारंटाईन’, ‘खराब’, ‘गहाळ’ आणि ‘मुदत संपली’ हे त्याचे फाटे.

यांतल्या दोन जोड्यांमध्ये हमखास गफलत होते.

पहिली जोडी ‘नेमून दिले’ आणि ‘दिले’. बऱ्याच सिस्टीममध्ये व्हिजिटची नोंद पक्की केल्याबरोबर किट ‘दिले’ असंच दिसतं. पण सहभागीचा रक्ताचा रिपोर्ट आला, डॉक्टरांनी आज औषध नको म्हटलं आणि किट कपाटात परत गेलं, असं घडतं. मग पडद्यावर किट सहभागीकडे आणि प्रत्यक्षात आपल्या हातात! असं किट पुन्हा रांगेत ठेवू नका. वेगळ्या पिशवीत घालून वर सहभागीचा क्रमांक, तारीख आणि ‘दिले नाही’ असं लिहा आणि सिस्टीममधली नोंद दुरुस्त होईपर्यंत बाजूला ठेवा. ते दुसऱ्या कुणाला देणं तर सोडाच, त्याच सहभागीला पुढच्या व्हिजिटला परस्पर देऊ नका.

दुसरी जोडी ‘क्वारंटाईन’ आणि ‘खराब’. क्वारंटाईन म्हणजे निर्णय व्हायचा आहे, तोवर वापर बंद. खराब म्हणजे निर्णय झाला. क्वारंटाईनमधून किट परत ‘उपलब्ध’ करता येतं. ‘खराब’ किंवा ‘गहाळ’ असं नोंदवल्यावर ते मागे फिरवायला बहुतेक ठिकाणी हेल्पडेस्ककडे लेखी विनंती आणि प्रायोजकाची (ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीची किंवा संस्थेची) मंजुरी लागते. शंका असेल तर आधी क्वारंटाईन, हा नियम पाळला तर पुष्कळ मनस्ताप वाचतो.

शिपमेंट आली की

पोच देणं ही या साखळीतली सगळ्यात घाईत उरकली जाणारी पायरी आहे. एकच क्लिक असतो, खोक्यात वीस किट असतात, कुरिअरवाला सहीसाठी थांबलेला असतो. त्याला सही द्या, ती फक्त खोका मिळाल्याची असते. सिस्टीममधली पोच नंतर, या क्रमाने:

1. खोका उघडण्याआधी बाहेरून बघा: दबलेला, ओला, सील तुटलेलं असेल तर फोटो काढा.
2. डेटा लॉगर (प्रवासातलं तापमान नोंदवणारं यंत्र) शोधा आणि त्याच्या सूचनेप्रमाणे थांबवा. तो चालूच राहिला तर तुमच्या खोलीचं तापमान प्रवासाच्या नोंदीत मिसळतं आणि नसलेला बिघाड दिसू लागतो. थांबवल्याची वेळ लिहून ठेवा.
3. किट लगेच लेबलवर छापलेल्या तापमानात ठेवा. कागदपत्रं पुरी होईपर्यंत टेबलावर ठेवू नका. 2 ते 8 अंशांचं औषध असेल तर मोजणीही फ्रीजजवळ, थोडे थोडे नग बाहेर काढून करा.
4. प्रत्येक किटचा नंबर पॅकिंग लिस्टशी एकेक करून ताडून बघा. एकाने किटवरून वाचायचं, दुसऱ्याने यादीवर खूण करायची. लॉट नंबर (एकत्र बनलेल्या मालाचा क्रमांक) आणि मुदतीची तारीखही बघा.
5. लॉगरचा रिपोर्ट उतरवून घ्या, तापमान मर्यादेत आहे का ते पाहा आणि फाइलमध्ये लावा.
6. आता पोच द्या, आणि प्रत्येक किटची स्थिती वेगळी निवडा. वीसपैकी एक फुटलं असेल तर एकोणीस ‘उपलब्ध’ आणि एक ‘खराब’.

यादीत असलेलं किट खोक्यात नसेल तर ते ‘गहाळ’. यादीत नसलेलं किट खोक्यात निघालं तर ते सिस्टीममध्ये कदाचित अजून डेपोतच दिसत असेल. ते योग्य तापमानात पण वेगळं ठेवा आणि प्रायोजकाला त्याच दिवशी कळवा.

पोच द्यायला उशीर झाला तर काय होतं तेही लक्षात घ्या. किट फ्रीजमध्ये आहे, पण सिस्टीमच्या लेखी ते वाटेत आहे. सकाळी नऊला सहभागी येतो आणि साइटवर औषध नाही असा संदेश पडद्यावर येतो. अशा वेळी घाईघाईने, तपासणी न करता पोच दिली जाते आणि एक्स्कर्शन झालेलं, म्हणजे तापमानाच्या मर्यादेबाहेर गेलेलं किट सरळ माणसाच्या हातात पडू शकतं. उशिराने होणारं हे नुकसान अगदी खरं आहे, म्हणून शिपमेंट आली त्याच दिवशी पोच द्यायची सवय लावून घ्या.

तापमान मर्यादेबाहेर गेलं तर

समजा मर्यादा 2 ते 8 अंश आहे आणि लॉगरवर 9.4 अंशांपर्यंत तीन तास दिसतात. किती किट त्या खोक्यात होते ते पाहा आणि त्या सगळ्यांना क्वारंटाईन करा. फ्रीजमध्येच वेगळ्या कप्प्यात, ‘वापरू नये’ अशी ठळक चिठ्ठी लावून ठेवा. सर्वांत वाईट चूक इथे होते: क्वारंटाईन केलेलं औषध तसंही बाद होणार असं समजून ते बाहेर खोलीत ठेवलं जातं. दोन दिवसांनी प्रायोजकाचं उत्तर येतं की तीन तासांचा फरक चालण्यासारखा होता. पण आता ते दोन दिवस खोलीच्या तापमानात राहिलेलं असतं आणि किट खरोखरच वाया जातं.

कळवताना किट नंबर, कमाल आणि किमान तापमान, मर्यादेबाहेरचा एकूण वेळ, सुरू आणि संपल्याची वेळ आणि लॉगरचा मूळ रिपोर्ट एवढं पाठवा. हेच किट आधी एकदा एक्स्कर्शनमधून गेलं असेल तर तेही आवर्जून सांगा, कारण औषधाच्या स्थिरतेचा हिशेब करताना मर्यादेबाहेरचा वेळ एकत्र धरला जातो. प्रथिनांपासून बनवलेल्या इंजेक्शनांच्या बाबतीत गोठण्याकडे जास्त लक्ष द्या. ती थोडा वेळ 10 अंशांवर राहिली तर कदाचित चालतं, पण शून्याखाली गेल्यावर प्रथिनांच्या गुठळ्या होऊ शकतात आणि वितळल्यावर बाटली बाहेरून नेहमीसारखीच दिसू शकते. म्हणून फ्रीजच्या मागच्या भिंतीला किट टेकवू नका.

निर्णय लेखी येईपर्यंत स्थिती बदलू नका. फोनवर ‘वापरा, काही होत नाही’ असं कुणी म्हटलं तरी ईमेल मागा, तो फाइलमध्ये लावा आणि मगच किट ‘उपलब्ध’ करा.

किट देताना

सिस्टीमने दिलेला नंबर आणि हातातला नंबर एकच असावा, एवढंच इथलं काम. तरीही चुकीचं किट जाणं ही औषधाच्या बाबतीत नेहमी आढळणारी चूक आहे, आणि तिचं कारण डोळ्यांच्या सवयीत आहे. 20517 आणि 20571 हे दोन खोके शेजारी ठेवा. घाईत बघणारा पहिले तीन अंक वाचतो, शेवटचे दोन आहेत एवढं पाहतो आणि उचलतो. दोन्ही नंबर एकाच अंकांचे बनलेले असल्यामुळे मनाला काही खटकत नाही.

यावर उपाय साधे आहेत. नंबर उलट्या बाजूने, शेवटच्या अंकापासून मोठ्याने वाचा. पडद्यावरून एकाने, खोक्यावरून दुसऱ्याने. बारकोड स्कॅनर असेल तर वापराच, पण स्कॅनर चालला नाही म्हणून हाताने नंबर टाइप करताना पडद्यावरचा नंबर पाहून टाइप करू नका, खोक्यावरचा पाहून करा. नाहीतर ती तपासणी स्वतःच स्वतःला पास करते.

एका व्हिजिटला दोन-तीन किट द्यायचे असतील तर सगळे एका ट्रेमध्ये घेऊन मोजा. लेबलचा सुटा भाग काढून नोंदवहीत चिकटवायचा असेल तर तो किट देण्याच्या क्षणीच काढा, आदल्या दिवशी तयारी म्हणून नको.

आणि तरीही चुकीचं किट गेलंच तर? पहिला फोन सहभागीला: औषध घेऊ नका किंवा पुढे थांबवा, किट घेऊन या. किती डोस घेतले ते विचारा. लगेच प्रमुख संशोधकांना सांगा आणि प्रायोजकाला कळवा. दिलेलं किट त्याच उपचार-गटाचं होतं की वेगळ्या, हे फक्त अनब्लाइंड व्यक्ती (कोण कुठल्या गटात आहे हे पाहायची मुभा असलेली) पाहील. तुम्ही अंदाज बांधू नका आणि तिलाही ‘कुठला गट’ असं विचारू नका. तुम्हाला फक्त पुढे काय करायचं तेवढं उत्तर हवं. सिस्टीमने नेमलेलं पण न दिलेलं किट क्वारंटाईन करा. दोन्ही किटच्या नोंदी डेटा दुरुस्तीच्या फॉर्मने बदलून घ्या. प्रोटोकॉल डेव्हिएशनची (ट्रायलच्या ठरलेल्या आराखड्यापासून ढळल्याची) नोंद करा. खरं किट कुठलं गेलं ते वहीत लिहा, सिस्टीमशी जुळावं म्हणून वहीत खोटा नंबर कधीही लिहू नका. पुढे काही दुष्परिणाम दिसला तर त्या माणसाच्या शरीरात नेमकं काय गेलं होतं हे सांगणारी तीच एक नोंद असते.

किट परत आलं की

रिकामी बाटली, अर्धी बाटली, न उघडलेलं पाकीट, सगळं परत घ्यायचं आणि सगळं मोजायचं. बाटली विसरून आलेल्या सहभागीची नोंद ‘परत आले नाही, पुढच्या व्हिजिटला आणणार’ अशी ठेवा. त्याला ‘गहाळ’ करू नका, कारण पुढच्या महिन्यात ती बाटली येते आणि सिस्टीम ती स्वीकारत नाही.

गोळ्या मोजताना हातमोजे घाला, मोजणीचा ट्रे वापरा आणि तो पुसून ठेवा. हिशेब असा: 35 गोळ्या दिल्या, 9 परत आल्या, म्हणजे 26 घेतल्या. रोज एक याप्रमाणे 28 दिवसांत 28 घ्यायला हव्या होत्या. 26 भागिले 28, म्हणजे सुमारे 93 टक्के. अनेक प्रोटोकॉलमध्ये 80 ते 120 टक्के स्वीकारार्ह धरतात, पण तुमच्या प्रोटोकॉलमध्ये काय लिहिलंय ते पाहा. व्हिजिटच्या दिवशीचा डोस जुन्या बाटलीतून घ्यायचा की नव्या, हे आधी ठरलेलं नसेल तर प्रत्येक महिन्यात एका गोळीचा घोळ होतो. आकडा विचित्र आला तर आधी सहभागीला विचारा: गोळ्या दुसऱ्या डबीत काढल्या का, खाली पडल्या का, मधे डॉक्टरांनी बंद केल्या होत्या का. उत्तर नोंदीत लिहा. आकडा जुळवण्यासाठी गोळ्या ‘समायोजित’ करू नका.

परत आलेल्या किटसाठी कुलूपबंद वेगळी जागा हवी. ते नव्या किटच्या कपाटात एक रात्रसुद्धा नको. न उघडलेलं, सीलबंद परत आलं तरी ते पुन्हा कुणाला द्यायचं नाही, कारण सहभागीच्या घरी ते कुठल्या तापमानात राहिलं हे कुणालाच माहीत नाही.

मुदत

लेबलवरची तारीख आणि सिस्टीम किट देणं थांबवते ती तारीख या वेगळ्या असतात. मुदत 30 सप्टेंबर आहे, व्हिजिट दर 28 दिवसांनी आहे आणि त्यात 3 दिवस मागेपुढे चालतात, तर किट किमान 31 दिवस पुरलं पाहिजे. म्हणून 30 ऑगस्टनंतर सिस्टीम ते देत नाही. कपाटात किट दिसतात, मुदत महिनाभर बाकी आहे, मग सिस्टीम का नाही म्हणते, असा प्रश्न पडला तर उत्तर इथे असतं. ते हाताने देऊ नका. सहभागीच्या घरी शेवटच्या आठवड्यात ते मुदतबाह्य झालेलं असेल.

मुदत वाढवून मिळाली तर सिस्टीममधली तारीख लॉटनुसार बदलते, पण खोक्यावरची तारीख तुम्हाला नव्या लेबलने बदलावी लागते. नवं लेबल मूळ लॉट नंबरावर चिकटवू नका. एकाने लावायचं, दुसऱ्याने तपासायचं, किती लेबलं आली, किती लावली, किती उरली याचा हिशेब लिहायचा. लेबल लावून होईपर्यंत ते किट द्यायचे नाहीत.

मोजदाद आकड्याने नको, नंबराने करा

महिन्यातून एकदा तरी, आणि मॉनिटर येण्याआधी नक्की, प्रत्यक्ष कपाट, नोंदवही आणि सिस्टीम यांचा ताळा करा. सूत्र सोपं आहे: मिळालेले किट बरोबर दिलेले, शिल्लक, क्वारंटाईन, खराब, गहाळ आणि मुदत संपलेले यांची बेरीज. परत आलेले किट ‘दिलेले’मध्ये आधीच धरलेले असतात, ते दुसऱ्यांदा जोडू नका.

एक उदाहरण घेऊ. 48 किट मिळाले, 31 दिले, 14 शिल्लक, 1 क्वारंटाईन, 2 खराब. बेरीज 48. कपाटात मोजले, 14 निघाले. काम झालं असं वाटतं. आता कपाटातले नंबर वाचा. तिथे 20571 आहे आणि 20517 नाही. सिस्टीम म्हणते 20571 चौथ्या व्हिजिटला सहभागीला दिलं आणि 20517 शिल्लक आहे. म्हणजे त्या सहभागीकडे चुकीचं किट गेलंय आणि आकडे मात्र तंतोतंत जुळतात. नुसती संख्या मोजणाऱ्याला ही चूक औषध संपेपर्यंत सापडत नाही.

फरक सापडला की त्याच दिवशी लिहून ठेवा. कागदावरची चूक एका रेघेने खोडा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी योग्य आकडा, सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही. सिस्टीममध्ये जुनी किंमत, नवी किंमत, कुणी आणि कधी बदलली हे ऑडिट ट्रेलमध्ये राहतंच. तुमचं कारण तिथेही स्पष्ट असू द्या.

खराब किट नोंदवायचं राहिलं तर पुरवठाही अडतो. एखाद्या प्रकारचे किट 2 वर आले की 5 पर्यंत भरायचे, असं सिस्टीमला सांगितलेलं असतं. पडद्यावर 3 दिसतात, त्यांतले 2 गेल्या आठवड्यात फुटले पण नोंद झाली नाही. प्रत्यक्षात उरलंय 1. सिस्टीमला काही कमी दिसत नाही, त्यामुळे ऑर्डर निघत नाही. सोमवारी सहभागीला 2 किट लागतात आणि तो औषधाविना परत जातो. डेपोतून माल येईपर्यंत त्याचे डोस चुकतात.

ब्लाइंड जपा

ब्लाइंड म्हणजे कोण कुठल्या गटात आहे हे लपवून ठेवणं. किट नंबर मुद्दाम विस्कळीत क्रमाने दिलेले असतात, जेणेकरून नंबरावरून गट ओळखता येऊ नये. पण लॉट, मुदत, रिसप्लायचा (पुन्हा माल पाठवण्याचा) प्रकार यांवरून गळती होऊ शकते. फक्त काही किटची मुदत वाढली आणि त्यांची यादी सगळ्यांना ईमेलने गेली तर कोण कुठल्या गटात आहे याचा अंदाज बांधता येतो. म्हणून अनब्लाइंड फार्मासिस्टच्या वह्या वेगळ्या कुलपात, ईमेल वेगळे, आणि त्याचा पासवर्ड कुणालाही नाही. एकाच्या लॉगिनने दुसऱ्याने किट नोंदवणं तर कधीच नको. रजेवर जाणाऱ्याने बदली माणसाचं खातं आधी उघडून घ्यावं, प्रशिक्षणाची नोंद करावी.

शेवटचा प्रवास

नाश करण्याची घाई करू नका. आधी मॉनिटरने प्रत्येक परत आलेल्या किटची मोजणी पडताळायची, मग प्रायोजकाची लेखी परवानगी, मग पाठवणी किंवा साइटवरच नाश. गोळ्या मोजून झाल्या म्हणून बाटली फेकली आणि महिन्याने मॉनिटरने विचारलं, तर दाखवायला काही उरत नाही. पाठवताना खोक्यात कुठले नंबर गेले त्याची यादी दोन प्रतींत करा, एक आत, एक फाइलमध्ये. सिस्टीममध्ये ‘नाशासाठी पाठवले’ नोंदवा. ‘नष्ट’ ही नोंद नाशाचं प्रमाणपत्र हातात आल्यावरच होते, आणि त्या प्रमाणपत्रावर किट नंबर नसून फक्त ‘एक खोका’ असं लिहिलेलं असेल तर यादी त्याला जोडून ठेवा.

आयसीएचच्या (औषध नियमनाचे निकष जुळवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या) जीसीपी, म्हणजे उत्तम क्लिनिकल कार्यपद्धतीच्या, मार्गदर्शक तत्त्वांच्या 2016 च्या दुसऱ्या आवृत्तीत या नोंदींमध्ये काय हवं ते स्पष्ट सांगितलं होतं: तारखा, प्रमाण, बॅच किंवा सीरियल नंबर, मुदत, औषध आणि सहभागी यांना दिलेले विशिष्ट क्रमांक. साइट बंद करण्याआधी फाइलमधल्या कुठल्याही एका किटचा नंबर बोटाने धरा आणि तो डेपोतून आला त्या पॅकिंग लिस्टपासून प्रमाणपत्रापर्यंत कागदावर शोधत जा. मधे एखादी तारीख किंवा सही सापडली नाही तर तो दुवा साइट चालू असतानाच, संबंधित माणूस अजून कामावर असतानाच पुरा करून घ्या.